बास डाव्या हाताने वाजवू द्या

मा. संपादक,
स. न. वि. वि.

मी मिरजेचा. लग्नाच्या बँडमध्ये ३१ वर्षं बास वाजवला. बास म्हणजे ट्यूबा, खालच्या सुरांचं मोठं पितळी वाद्य. वरातीत लोक क्लॅरिओनेट ऐकतात, पण सगळा बँड उभा असतो तो आमच्या खर्जावर. तीन वर्षांपूर्वी अर्धांगवायूचा झटका आला आणि उजव्या हाताची बोटं गेली. बी-फ्लॅट ट्यूबाची नळी उलगडली तर १८ फूट भरते. तेवढी फुंकायची छाती आजही माझ्याकडे आहे, ओठ शाबूत आहेत. फक्त पिस्टन, म्हणजे सूर बदलायच्या उजव्या हाताच्या कळा, दाबायला बोटं नाहीत. तरी बँडमध्ये “आता आराम करा” एवढंच ऐकलं.

वेल्डरकडून चौकोनी पाइपचा स्टँड करून घेतला. पितळ घासू नये म्हणून त्यावर सायकलच्या ट्यूबचं रबर गुंडाळलं. ओझं स्टँडवर, मी खुर्चीवर, आणि डावा हात पुढून वळवून पिस्टनवर. मनगट भरून येतं, तिसऱ्या पिस्टनवर बोट अडखळतं. पण पहिल्यांदा खालचा सा लागला तेव्हा मांडणीतली भांडी थरथरली आणि मंडळी पीठाच्या हाताने बाहेर धावली.

जर्मनीचे फेलिक्स क्लीझर यांना जन्मतः हात नाहीत. ते डाव्या पायाच्या बोटांनी फ्रेंच हॉर्नच्या चाव्या दाबतात आणि मोठमोठ्या वाद्यवृंदांबरोबर वाजवतात. ब्रिटनमध्ये ओएचएमआय ट्रस्ट एका हाताने वाजतील अशी वाद्यं घडवून घेतो आणि मुलांना वापरायला देतो. ट्यूबाचं पेटंट बर्लिनमध्ये १८३५ साली निघालं. इतक्या वर्षांत पिस्टन डावीकडे बसवलेला एकही बास माझ्या पाहण्यात नाही. आमच्या मिरजेत तंबोरा करणारा आधी विचारतो, गाणार कोण, बाई की पुरुष? त्यावर भोपळ्याचं आणि दांडीचं माप ठरतं. पितळेला हे माप का लावू नये?

बँडची वाद्यं मेरठच्या जली कोठीत घडतात. बँडमालकांनी तिथे असा एक तरी बास सांगून पाहावा. उत्सवात मंडपासमोर जागेवर वादन असतं, तिथे मंडळांनी बसून वाजवणाऱ्याला खुर्ची द्यावी.

तुळशीचं लग्न झालं की हंगाम सुरू होईल. कुणी मालक मला बसवायला तयार असेल तर स्टँड मी माझा आणीन.

– एक बासवादक, मिरज