व्यायाम थांबवायला शिकवणाऱ्या ताईंना

आदरणीय ताई,

सप्रेम नमस्कार.

हे पत्र तुम्हाला एकटीलाच पाठवता आलं असतं. पण लाँग कोविडची, म्हणजे कोविड होऊन गेला तरी महिनोन्महिने त्रास न सुटलेली माणसं अजून घरोघर 'आळशी' ठरताहेत, म्हणून चारचौघांत लिहितो आहे. तुमचं नाव घेत नाही. तुम्हाला ते आवडणार नाही, एवढं आठ आठवड्यांत कळलं आहे.

तुमच्या फिजिओथेरपीच्या ऑनलाइन गटात आलो तेव्हा माझ्या आजाराला सात महिने झाले होते. ताप पाच दिवसांत उतरला होता, रुग्णालयात दाखलही व्हावं लागलं नव्हतं. तरी जिना चढला की धाप लागायची, वाचलेलं पान पुन्हा वाचावं लागायचं, बोलता बोलता साधा शब्द आठवेनासा व्हायचा. तपासण्या सगळ्या नॉर्मल. एका डॉक्टरांनी रिपोर्ट परत देत सांगितलं, "काही झालेलं नाही तुम्हाला. रोज चाला, थोडं थोडं वाढवत न्या." मी पडलो आज्ञाधारक. चाललो, वाढवलं, आणि तिसऱ्या दिवशी दात घासायला उठण्याचंही त्राण उरलं नाही. जरा बरं वाटलं की पुन्हा चालायचो, पुन्हा आडवा व्हायचो. असं किती वेळा केलं ते सांगायची लाज वाटते.

तुम्ही पहिल्या दिवशी व्यायाम घेतलाच नाहीत. वही काढायला लावलीत. डाव्या पानावर दिवसभरात काय केलं, उजव्या पानावर काय दुखलं-खुपलं. मनात म्हटलं, फिजिओथेरपीला आलोय की शाळेत? दोन आठवड्यांनी तुम्ही ती वही कॅमेऱ्यासमोर धरायला सांगितलीत आणि म्हणालात, "मंगळवारी आडवे झालात ना, त्याचं कारण रविवारी शोधा." रविवारी मी तासभर चाललो होतो आणि वर बसून एक लांबलचक अर्ज भरला होता. श्रमाचा फटका लगेच बसत नाही, बऱ्याचदा १२ ते ७२ तासांनी बसतो. आणि डोक्याचं कामही श्रमच. हे मला तोवर कुणी सांगितलं नव्हतं. त्या डॉक्टरांचा राग त्या दिवशी बराचसा गेला. त्यांना माझा रविवार दिसला होता, मंगळवार दिसलाच नव्हता.

मग खुर्ची आली. पाठ भिंतीला टेकलेली, चाकं नसलेली, आणि कॅमेरा असा की गुडघे आणि खांदे दोन्ही दिसले पाहिजेत. खुर्चीतून उठायचं, बसायचं. शाळेतल्या उठाबशा आठवून सगळे हसलो, पण चौथ्या वेळेला हसू बंद झालं होतं. उठताना शीळ घालतो तसे ओठ करून श्वास सोडायचा, बसताना नाकाने घ्यायचा. दर मिनिटाला तुम्ही 'बोटं' म्हणायचात आणि दम किती लागलाय ते शून्य ते दहाच्या मापात आम्ही बोटांनी दाखवायचो. तीनच्या वर गेलं की थांबायचं, असा तुमचा नियम. मला पाच वाटत होतं. मी तीन बोटं वर केली. तुम्ही सगळ्यांना म्यूट करून मला एकट्याला म्हणालात, "बोटं तीन म्हणताहेत, खांदे पाच म्हणताहेत. मी खांद्यांचं ऐकते. बसा." एवढ्या चौकोनांतून एक चढलेला खांदा कसा दिसला तुम्हाला?

गटात एक बाई होत्या, कायम कॅमेरा बंद. पडल्या पडल्या ऐकायच्या, हजेरीला चॅटमध्ये फक्त 'आहे' लिहायच्या. तुम्ही त्यांना खुर्चीचा व्यायाम कधीच दिला नाहीत, केवळ श्वासाचा, तोही जमला तर. मला वाटायचं, या प्रयत्नच करत नाहीत. (हो, मीच. ज्याला सात महिने लोक हेच म्हणत होते, तो.) पाचव्या आठवड्यात मी पाहुण्यांपुढे शहाणपणा करायला गेलो आणि असा कोसळलो की पुढचं सत्र अंथरुणातून, कॅमेरा बंद करून ऐकावं लागलं. चॅटमध्ये 'आहे' लिहिलं. लगेच खाली त्यांचं उत्तर आलं: 'पडून राहा. मीही पडलेलीच आहे.' क्लिनिकमध्ये बोलावलं असतंत तर त्या दिवशी आम्ही दोघंही गैरहजर लागलो असतो.

आणखी एका गोष्टीसाठी आभार. ब्रिटनमधल्या 'रिगेन' चाचणीबद्दल तुम्ही सांगितलंत: ५८५ माणसं, त्यांतल्या निम्म्यांना एकदाच ऑनलाइन सल्ला, बाकीच्यांना आठ आठवडे ऑनलाइन गट, त्यात व्यायाम आणि मनाला आधार दोन्ही. निकाल २०२४ मध्ये आले, गटातल्यांचं जीवनमान सुधारलं आणि वर्षभरानंतरही फरक दिसत होता. मी हरखलो. तुम्ही लगेच लगाम घातलात: फरक लहान होता, आणि ती माणसं कोविडमुळे रुग्णालयात राहून आलेली होती. "तुम्ही नव्हता. तुमचं तुमच्या वहीवरून ठरवू." आशा विकणारे पुष्कळ भेटले होते, ताई. हिशोब दाखवणाऱ्या तुम्हीच.

'लाँग कोविड' हे नाव २०२० मध्ये रुग्णांनीच रूढ केलं आणि जागतिक आरोग्य संघटनेची व्याख्या आली ऑक्टोबर २०२१ मध्ये, हे तुमच्याकडूनच कळलं. त्या दिवशी गटात बराच वेळ कुणी बोललं नाही. मग एक आजोबा म्हणाले, "म्हणजे आपण आधी होतो, कागद नंतर आला." तेव्हापासून घरी कुणी 'दिसतोस तर चांगला' म्हटलं तरी मी वाद घालत नाही.

आता कसा आहे म्हणाल, तर बरा झालेलो नाही. जिना दोन टप्प्यांत चढतो, मधल्या पायरीवर निवांत बसतो. अर्धा दिवस काम करतो. पण चार महिन्यांत एकदाही पूर्ण कोसळलो नाही. हे पत्रही तीन दिवसांत, पंधरा पंधरा मिनिटं बसून लिहिलं आहे. मधे कुठे सांधा दिसला तर समजून घ्या.

गट संपला तरी आम्ही पाच जण दर बुधवारी वीस मिनिटं भेटतो. व्यायाम नाही, नुसत्या वह्या. 'आहे' लिहिणाऱ्या बाई आता मधूनमधून कॅमेरा चालू करतात. तुम्ही दिवसभर गट घेऊन थकत असाल, तरी एखाद्या बुधवारी या. कॅमेरा बंद ठेवलात तरी चालेल.

आपला,
तीन बोटंवाला