लाइन थांबवायची कोणी?

मा. संपादक,
स.न.वि.वि.

'रोबो आल्यापासून सगळे मोटार कारखाने एकसारखे झाले' हे आपल्या अंकातलं वाक्य खटकलं. मी २७ वर्षं असेंब्ली लाइनवर सीट बसवल्या, दोन कारखान्यांत. रोबो असतात ते मुख्यतः वेल्डिंगला आणि रंगकामाला. वायरिंग, डॅशबोर्ड, सीट ही कामं अजून बहुतेक माणसंच करतात.

पहिल्या कारखान्यात लाइन थांबवायची ती फक्त सुपरवायझरने. बोल्ट तिरका जाऊन आटे बिघडले, तरी खडूने फुली मारून गाडी पुढे सोडायची. मग रिवर्कवाले सगळं उचकटून तो बोल्ट काढणार, अर्धा तास खर्ची घालून. टार्गेट मात्र रोज पूर्ण!

दुसऱ्या कारखान्यात डोक्यावर दोरी होती. अडचण आली की ओढायची. सुरुवातीला मला धीरच होईना. एकदा ओढली, तर टीम लीडर धावत आला आणि ओरडायचं सोडून त्याने पानाच हातात घेतला. दोरी ओढली की लाइन तिथेच थांबते, हा गैरसमज आहे. गाडी स्टेशनची, म्हणजे लाइनवरच्या आपल्या कामाच्या जागेची, रेघ गाठेपर्यंत अवधी असतो. तोवर काम झालं नाही तरच थांबते. ही टोयोटाची पद्धत. अमेरिकेत फ्रीमाँटला जनरल मोटर्सने १९८२ साली बंद केलेला कारखाना १९८४ मध्ये टोयोटाच्या भागीदारीत पुन्हा सुरू झाला. बहुतेक कामगार जुनेच होते, तरी गाड्यांचा दर्जा पार सुधारला.

अर्थात माझ्या दुसऱ्या कारखान्यातही सगळं गोड नव्हतं. मिनिटभराच्या कामातलं पाऊल न् पाऊल ठरलेलं. पहिल्या ठिकाणी हात चालवून दोन गाड्या पुढे गेलं, की निदान घोटभर पाणी पिता यायचं.

स्वीडनमध्ये उद्देव्हाला इथे व्होल्व्होने सरकती लाइनच काढून टाकली होती. गाडी जागेवर उभी, आणि मोजकी माणसं मिळून ती पूर्ण जोडायची. विक्री घसरली आणि १९९३ मध्ये तो कारखाना बंद झाला. तिथे एखादा महिना काम करायला मला फार आवडलं असतं. इतक्या वर्षांत मी अख्खी गाडी एकदाही जोडलेली नाही.

आपला,
एक निवृत्त असेंब्ली कामगार