पापियासची पाच पुस्तकं

प्रिय संदीप,

तुझा व्हॉइस मेसेज ऐकला. प्रश्न भारी आहे पण व्हॉट्सअॅपवर दोन ओळींत उत्तर देणं जमणार नाही, म्हणून हे एवढं मोठं टाइप करतोय, चहा घेऊन बस.

उद्या कुठल्यातरी वाळवंटात एखादं हरवलेलं शुभवर्तमान, म्हणजे येशूच्या आयुष्याचं आणि शिकवणीचं पुस्तक, सापडलं तर तुमच्या चर्चचं काय होणार, असं विचारतोयस. अरे काही होणार नाही. रविवारी मिस्सा होईल आणि वसईत लग्नांचे बँडही वाजतील. हे मी श्रद्धेच्या जोरावर नाही म्हणत, असं सापडणं आधीच कितीतरी वेळा होऊन गेलंय म्हणून म्हणतोय. 2006 साली यहूदाचं, म्हणजे येशूला दगा देणाऱ्या शिष्याच्या नावाचं, शुभवर्तमान बाहेर आलं तेव्हा टीव्हीवाल्यांनी किती गोंधळ घातला होता, आता दोन हजार वर्षांचा इतिहास बदलणार वगैरे. पण त्या नावाच्या पुस्तकाला संत इरेनियस या बिशपने साधारण 180 सालीच शिव्या घालून ठेवल्या होत्या, म्हणजे असं काहीतरी होतं हे सगळ्यांना माहीत होतं, फक्त हातात नव्हतं. त्यातून दुसऱ्या शतकातले लोक आपापसात कशावरून भांडत होते ते मस्त कळतं, खऱ्या यहूदाबद्दल जवळपास काहीच नाही. आणि त्या हस्तलिखिताचे हाल ऐक, इजिप्तच्या कोरड्या जमिनीत दीड हजारांहून जास्त वर्षं टिकलं आणि मग विकणाऱ्यांच्या हातात पडून न्यूयॉर्कजवळच्या एका बँकेच्या लॉकरमध्ये 16 वर्षं कुजलं, बाहेर काढलं तेव्हा भुगा.

येशूच्या बायकोचा उल्लेख असलेला तो तुकडा तर 2012 मध्ये केवढा गाजला, आणि निघाला बनावट. थॉमसच्या शुभवर्तमानाची (हेही बायबलबाहेरचं एक जुनं पुस्तक) एक ऑनलाइन पीडीएफ आहे, तिच्यातली टायपिंगची चूकसुद्धा त्या पठ्ठ्याने पपायरसवर जशीच्या तशी उतरवली होती!

मला विचारशील तर सगळ्यात भारी शोध अगदी गुपचूप लागलेला आहे. 1873 साली कॉन्स्टँटिनोपलमध्ये एका मठाच्या लायब्ररीत फिलोथिओस ब्रायेनिओस नावाच्या धर्मगुरूला 1056 सालचं एक हस्तलिखित मिळालं, त्यात 'डिडाखे' होतं. पहिल्या शतकाच्या शेवटचं किंवा दुसऱ्याच्या सुरुवातीचं पुस्तक, जुन्या लेखकांनी नाव घेतलेलं पण गायब झालेलं. त्यात चमत्कार नाहीत की गुपितं नाहीत. बाप्तिस्मा वाहत्या पाण्यात द्या, पाणी कमी असेल तर डोक्यावर तीनदा ओता, उपास बुधवारी आणि शुक्रवारी करा, असं सगळं. आणि फिरत्या प्रचारकांबद्दलचा नियम तर फ्रेम करून लावण्यासारखा आहे: पाहुणा एक दिवस राहील, गरज पडली तर दोन, तिसऱ्या दिवशीही मुक्काम ठोकला तर तो खोटा संदेष्टा, आणि निघताना पैसे मागितले तरी खोटा. आजच्या किती जणांची यात सुट्टी होईल सांग बरं!

आता हरवलेल्यातलं एकच काहीतरी परत मिळणार असेल तर मी पापियास मागेन. हा हिएरापोलिसचा बिशप, म्हणजे आजच्या तुर्कस्तानात पामुक्कलेजवळ. दुसऱ्या शतकाच्या सुरुवातीला याने प्रभूच्या वचनांवर पाच पुस्तकं लिहिली आणि पाचही गेली, उरलीत ती इतरांनी दिलेली थोडी अवतरणं. माणूस मजेशीर होता. पुस्तकांपेक्षा जिवंत माणसाच्या तोंडून ऐकलेलं जास्त उपयोगी असं म्हणायचा, जुन्या पिढीतली माणसं ज्यांनी पाहिलीत असे लोक आले की गाठून विचारायचा, येशूचे शिष्य काय म्हणाले, पेत्र काय म्हणाला, योहान काय म्हणाला. शुभवर्तमान लिहिणारा मार्क हा पेत्राचा दुभाष्या होता, त्याने आठवेल तसं नीट लिहिलं पण क्रमाने नाही, हे आपल्याला कळलं ते याच्यामुळे. मत्तयाने येशूची वचनं हिब्रूत जमवली हेही यानेच सांगितलं, आणि त्या एवढ्याशा वाक्यावर अभ्यासक दोनशे वर्षं भांडतायत.

पण आपल्याला ही वाक्यं मिळाली ती मुख्यतः युसेबियस या चर्चच्या इतिहासकाराकडून, पापियासच्या दोनशे वर्षांनंतर, आणि युसेबियसला हा माणूस आवडत नव्हता, बेताच्या बुद्धीचा म्हणून मोकळा झाला. कारण पापियास सांगायचा की येणाऱ्या राज्यात एकेका वेलीला दहा हजार फांद्या असतील, असं दहा हजारांच्या पटीत वाढत वाढत घडांपर्यंत, आणि संत घड तोडायला गेला की शेजारचा घड ओरडेल, मी जास्त चांगला आहे, मला घे! (नाशिकवाल्यांना दाखव हे.) म्हणजे पूर्ण पुस्तक सापडलं तर दोन गोष्टी होतील असं मला वाटतं. एक, त्याने ज्या योहानाचं नाव घेतलं तो प्रेषित, म्हणजे येशूचा शिष्य, की दुसराच कोणी, हा इरेनियस आणि युसेबियसमधला जुना वाद कदाचित मिटेल. दोन, मार्कबद्दलच्या त्या प्रसिद्ध वाक्याच्या मागेपुढे बोलणारी द्राक्षं निघतील आणि ज्यांनी त्याच्यावर इमले बांधलेत त्यांची पंचाईत होईल. मला दोन्ही चालेल. विश्वासू माणूस पण ऐकीव गोष्टी तिखटमीठ लावून सांगणारा, असे लोक आपल्या प्रत्येकाच्या घराण्यात असतात की.

आणि तू कल्याणचा, म्हणून एक सांगतो. युसेबियसच लिहितो की अलेक्झांड्रियाचा पँटेनस नावाचा ख्रिस्ती शिक्षक दुसऱ्या शतकात इंडियाला गेला आणि तिथल्या लोकांकडे हिब्रू अक्षरांतलं मत्तयाचं शुभवर्तमान होतं, येशूचा शिष्य संत बार्थोलोम्यूने ठेवलेलं. आता त्या काळी इंडिया म्हणजे अरबस्तान नाहीतर इथिओपियासुद्धा असायचं, त्यामुळे उगाच फुशारकी नको. पण काही अभ्यासकांनी बार्थोलोम्यूचा संबंध कल्याणशी जोडलाय, आणि सहाव्या शतकात कॉस्मस नावाचा व्यापारी कल्लियानाला पर्शियातून नेमलेला बिशप आहे असं लिहून गेलाय, ते कल्लियाना म्हणजे तुमचंच कल्याण असं बहुतेक जण मानतात. तिथे सिरियाक, म्हणजे पूर्वेकडच्या ख्रिस्ती लोकांच्या जुन्या भाषेतली, पुस्तकं असणारच ना! पण आपल्याकडचा पाऊस आणि वाळवी, कोण टिकणार. इजिप्तमध्ये उकिरड्यातला कागदसुद्धा राहतो. ऑक्सिरिंकसच्या कचऱ्यात 1897 साली येशूच्या वचनांचं एक पान मिळालं, ते थॉमसच्या शुभवर्तमानाचं आहे हे कळायला 1945 साली नाग हम्मादीला अख्खं पुस्तक निघावं लागलं.

तरी सगळा दोष पावसाला नको. 1599 मध्ये गोव्याचा आर्चबिशप मेनेझेस केरळात उदयंपेरूरला गेला आणि तिथल्या ख्रिस्ती लोकांची सिरियाक पुस्तकं तपासून दुरुस्त करा नाहीतर जाळा, असा ठराव करून घेतला. त्यात पापियास असेल असं मला मुळीच वाटत नाही, पण काय काय होतं ते आता कोण सांगणार. तू मला चर्चला हादरा बसेल का विचारतोस, आणि मला राग येतो तो आमच्याच माणसांनी काडी लावली याचा.

डिडाखेचं इंग्रजी भाषांतर मेल करतो, तासाभरात सहज वाचून होतं. वाचून फोन कर, आणि वहिनींना नमस्कार सांग.

तुझा,
फ्रान्सिस