मंत्रिमहोदय, माझ्या काठीचा आवाज ऐकत सातशे मीटर चाला

मा. दिव्यांग कल्याण मंत्री,
महाराष्ट्र राज्य

सादर नमस्कार,

हिवाळी अधिवेशनासाठी आपण डिसेंबरात नागपूरला याल. नेमकी तेव्हाच इथली थंडी माझ्या हाडांत उतरते. मला सिकलसेल आहे, एसएस पॅटर्न. विदर्भात हे शब्द फारसे समजावून सांगावे लागत नाहीत; इतरांसाठी सांगते, हा रक्ताचा आनुवंशिक आजार, आणि एसएस म्हणजे आई-वडील दोघांकडून आलेला. रक्तपुरवठा कमी पडून उजव्या खुब्याचा सांधा गेला, म्हणून हातात काठी आली. मी 34 वर्षांची आहे.

मार्चमध्ये कॉलरला छोटा माईक लावून मी सीताबर्डीत मेट्रोतून उतरले आणि कामावर पोचेपर्यंतचं चालणं रेकॉर्ड केलं. अंतर जेमतेम 700 मीटर, रेकॉर्डिंग 26 मिनिटांचं. काठीचं रबरी बूच फुटपाथवर थप थप वाजतं. सुटलेल्या गट्टूवर पडलं की ‘खडक’. मग माझा श्वास अडकतो, तोही ऐकू येतो. नंतर बराच वेळ रसवंतीचे घुंगरू तेवढे वाजत राहतात, कारण मी तिथेच उभी आहे. टेकायला ओटा नाही की बाक नाही. खांबाला धरून कळ ओसरायची वाट बघते आहे. मागून कोणी म्हणतं, “ताई, बाजूला व्हा न.” 26 पैकी 11 मिनिटं अशी उभ्यानेच गेली.

चालणं ऐकण्याची ही कला जुनी आहे. 1966 मध्ये न्यूयॉर्कमध्ये मॅक्स न्यूहाउस या तालवादकाने श्रोत्यांच्या हातावर ‘ऐका’ असा शिक्का मारून त्यांना रस्त्यांवरून फिरवलं होतं. मला ती जवळची वाटते, कारण माझा आजार फोटोत दिसत नाही. आवाजात मात्र लपत नाही.

2016 च्या दिव्यांग हक्क कायद्याने 21 प्रकार मानले, त्यांत सिकलसेल आहे. रस्त्यांची मानकं ठरवणाऱ्या इंडियन रोड्स काँग्रेस या संस्थेच्या मार्गदर्शक सूचनांत फुटपाथची मोकळी रुंदी किमान 1.8 मीटर आणि उंची जास्तीत जास्त 150 मिलिमीटर सांगितली आहे. ही मापं हवीतच. पण पट्टीने मोजणाऱ्याला माझी 11 मिनिटं कशी सापडणार? सुगम्य म्हटलं की रॅम्प आठवतो, आणि तो लागतोच. दर काही पावलांवर बसायची जागा मात्र कोणाच्या आराखड्यात येत नाही.

म्हणून विनंती एवढीच: कुठल्याही शहरातला नवा फुटपाथ मंजूर होण्याआधी काठीवाले, अंध, व्हीलचेअरवाले आणि माझ्यासारखे दुखणेकरी यांना त्यावरून चालवा, ते चालणं रेकॉर्ड करा आणि अभियंत्यांनी ते पूर्ण ऐकल्याशिवाय बिल काढू नका. आपल्या विभागाने तसा आदेश काढावा.

त्याआधी आपण स्वतः ऐका. अधिवेशनाच्या काळात एक दिवस हेडफोन लावून त्याच 700 मीटरवर माझ्या गतीने चाला. रेकॉर्डिंग थांबेल तिथे थांबा. मी सोबत असेन. फक्त सकाळी दहानंतर बोलवा, थंडीत तोवर पाय टेकवत नाही.

आपली,
नागपूरची एक सिकलसेल रुग्ण