थेरपीत मुलाला खेळू द्या

मा. सार्वजनिक आरोग्यमंत्री,
महाराष्ट्र राज्य

महोदय,

मी विशेष शिक्षिका आहे. स्वमग्न (ऑटिझम असलेल्या) आणि बौद्धिक दिव्यांग मुलांना शिकवते. आमच्या क्षेत्रात थेरपी म्हणजे अजूनही पुष्कळदा मुलाला खुर्चीत बसवून ‘हात खाली’, ‘माझ्याकडे बघ’ असे हुकूम सोडणं. ऐकलं तर चॉकलेटची गोळी. आत मूल रडतं, बाहेर बाकावर आई रडते. आणि अहवालात काय असतं? मुलाला काय काय येत नाही, त्याची यादी.

माझ्या एका विद्यार्थ्याला एसटीच्या पाट्यांचं वेड. बोलणं जेमतेम एका-दोन शब्दांचं, पण पाटी दिसली की गावाचं नाव तोंडात. घरचे म्हणायचे, एवढं हे सोडवा. आम्ही तेच धरून कामाला लागलो. खुर्च्या एकामागे एक मांडल्या, त्याच्या गळ्यात कंडक्टरची पिशवी अडकवली. तो एकेकापाशी जाऊन ‘कुठं?’ विचारू लागला, उत्तरासाठी थांबू लागला. डबल बेल दिल्याशिवाय गाडी सोडायची नाही, हा नियम त्याचाच! हीसुद्धा वर्तनोपचार पद्धतीच आहे, साहेब: लहान लहान पायऱ्या, रोजच्या नोंदी. फक्त बक्षीस बाहेरून द्यावं लागत नाही. गाडी सुटते, हेच त्याचं बक्षीस.

हे मोठ्या शहरांतल्या महागड्या सेंटरांनाच जमतं, असंही नाही. गोवा आणि रावळपिंडी इथल्या ६५ स्वमग्न मुलांचा अभ्यास २०१६ मध्ये ‘लॅन्सेट सायकिअ‍ॅट्री’ या वैद्यकीय नियतकालिकात प्रसिद्ध झाला. त्यात प्रशिक्षण घेतलेल्या, पण तज्ज्ञ नसलेल्या कार्यकर्त्यांनी पालकांना मुलासोबत खेळतानाचे त्यांचेच व्हिडिओ दाखवून मार्गदर्शन केलं. त्या मुलांचं आपणहून आईवडिलांशी संवाद सुरू करणं वाढलं.

आपल्याकडे राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाच्या तपासणीत सापडलेली मुलं जिल्हा शीघ्र हस्तक्षेप केंद्रात पाठवली जातात. तिथल्या मूल्यमापनाच्या पहिल्या पानावर मुलाला काय आवडतं आणि काय येतं, हे लिहिणं सक्तीचं करा. पालकांना सत्रात आत बसवा. दिवसाचा रोज बुडवून आलेल्या आईला घरी करता येईल असं काही शिकवूनच परत पाठवा. अंगणवाडी सेविकांनाही हे प्रशिक्षण द्या. आणि मूल किती वेळ गप्प बसलं, यावर प्रगती मोजणं बंद करा.

एका जिल्ह्यापासून सुरुवात केलीत तरी चालेल. शिकवायला माणसं लागली, तर सुट्टीच्या दिवशीही मी येईन.

आपली नम्र,
एक विशेष शिक्षिका