शेवटचे कारण म्हणजे जवळचे कारण नव्हे

मा. संपादक,
स. न. वि. वि.

रविवारच्या पुरवणीतला कार्यकारणावरचा लेख दोनदा वाचला. तर्कशास्त्रावर मराठीत कोणी सोपे लिहिते आहे याचे बरे वाटले, म्हणून आधी लेखकांचे आभार. पण कार्याच्या अगदी आधी घडते तेच खरे कारण, हा अखेरच्या परिच्छेदातला निष्कर्ष साफ चुकीचा आहे. अशा समजुतीने लोकांचे नुकसान होते. माझे झाले आहे.

न्यायशास्त्रातले नेहमीचे उदाहरण घ्या. घडा कुंभार घडवतो. त्याचा बाप आधी होऊन गेला तरी तो घड्याचे कारण नाही, अन्यथासिद्ध आहे, म्हणजे आधी असूनही कारणांत न धरण्याजोगा. इथवर ठीक. पण म्हणून कार्याच्या अगदी आधी घडले तेवढेच खरे कारण आणि त्यामागचे सारे कुंभाराच्या बापाच्या रांगेत, हे न्यायशास्त्राच्या कुठल्या पंडिताने, कुठल्या नैयायिकाने सांगितले?

ऑगस्ट २०२४ च्या पुरात आमच्या बडोद्याची विश्वामित्री नदी ३५ फुटांच्या वर गेली होती. धोक्याच्या पातळीच्या कितीतरी वर. आमच्या अकोट्याच्या सोसायटीत गाडी काढायलाही वेळ मिळाला नाही. पाणी उतरल्यावर दार उघडले तर आतून गढूळ पाणी पायांवर आले आणि सीटच्या वर चार बोटे गाळाची पिवळट रेघ. दिवसभर दारे उघडी टाकून गाडी वाळवली आणि संध्याकाळी सेल्फ मारला. एकदा ‘खट्’ झाले, पुढे काही नाही.

मेकॅनिकने पाहिल्याबरोबर सांगितले, ‘एन्जिन पाणी पी गयुं छे.’ एअर फिल्टरच्या वाटेने पाणी सिलिंडरमध्ये जाऊन बसले होते. हवा दाबली जाते, पाणी दाबले जात नाही. वर येणारा पिस्टन अडला आणि कनेक्टिंग रॉड वाकला. तो काढून त्याने माझ्या हातात दिला. फूटपट्टी लावल्यावरच कळेल एवढा बाक, पण इंजिन गेले.

विमा कंपनीने सीट आणि वायरिंगचे पैसे दिले, इंजिनचे नाकारले. नुकसानीचे जवळचे कारण सेल्फ मारणे, पूर हे दूरचे कारण, असे चार ओळींचे पत्र आले. सर्व्हेअरने विचारले तेव्हा मी काही लपवले नव्हते. आधी मेकॅनिकला बोलवायला हवे होते, ही माझी चूक मला मान्य आहे. पण तोच सेल्फ मी पुराआधी रोज सकाळी मारत होतो, तेव्हा रॉड का वाकला नाही?

वडील दांडिया बाजारातल्या घरी संध्याकाळी मुक्तावली ही न्यायशास्त्राची पोथी शिकवायचे. त्यांच्या तोंडी एक वाक्य सतत असे: ‘न हि व्यापारेण व्यापारिणोऽन्यथासिद्धिः’. म्हणजे मध्ये व्यापार आला म्हणून तो व्यापार ज्याचा, ते कारण अन्यथासिद्ध ठरत नाही. कुऱ्हाडीने लाकूड तुटते ते कुऱ्हाड आणि लाकूड यांचा संयोग झाल्यावर. तो संयोग म्हणजे कुऱ्हाडीचा व्यापार, जिच्या द्वारे ती आपले काम करते ती मधली पायरी. तो मध्ये आला म्हणून कुऱ्हाड कारणांतून बाद होत नाही. लहानपणी पाहिलेले आज आठवते. पाहणे केव्हाच संपले, मागे संस्कार, म्हणजे त्याचा ठसा, उरला आणि त्याच्या द्वारे ते पाहणेच आजच्या स्मृतीचे कारण ठरते. काळाचे अंतर इथे आड येत नाही. सिलिंडरमध्ये साचलेले पाणी हा पुराचाच व्यापार होता. कुंभाराच्या बापाचे काम मुलाला जन्म देण्यात संपले, घडा घडवण्यात त्याचा हात कुठेच नाही. पुराचे पाणी मात्र मी सेल्फ मारला त्या क्षणी पिस्टनच्या डोक्यावर होते.

हे फक्त पोथीत आहे असेही नाही. १९१५ मध्ये ‘इकेरिया’ नावाच्या जहाजाला टॉर्पेडो लागला. ते फ्रान्सच्या ल हाव्र बंदरात आणले, तिथे दर ओहोटीला तळाला टेकत राहून शेवटी बुडाले. मालक म्हणाला, समुद्रामुळे बुडाले. विमा कंपनी म्हणाली, टॉर्पेडोमुळे, आणि युद्धाचे नुकसान आमच्या विम्यात नाही. १९१८ मध्ये इंग्लंडच्या हाउस ऑफ लॉर्ड्सने, म्हणजे तिथल्या तेव्हाच्या सर्वोच्च न्यायालयाने, कंपनीच्या बाजूने निकाल दिला: जवळचे कारण म्हणजे काळाने शेवटचे नव्हे, परिणाम घडवण्यात जे प्रबळ ते. ज्या युक्तिवादाने विमा कंपनी तिथे जिंकली, तोच आमच्या गाडीला लावायला इथली कंपनी तयार नाही.

लिहितोच आहे तर आणखी एक. आपल्या दैनिकात रोज कोणाचे तरी ‘हृदयक्रिया बंद पडल्याने’ निधन होते. हृदय प्रत्येकाचेच बंद पडते. डॉक्टर मृत्यूच्या कारणाचा जो नमुना क्रमांक ४ भरतात, त्यात मरणाची रीत लिहू नका, हृदय बंद पडणे लिहू नका, अशी सूचना छापलेली असते. तात्कालिक कारण वर आणि ज्यातून ते उद्भवले तो मूळ आजार खाली लिहायचा असतो. माझी मोठी बहीण मधुमेहाने बारा वर्षे झिजून गेली. आपण छापले, हृदयक्रिया बंद पडून. ते कात्रण आजही माझ्याजवळ आहे.

पत्र मोठे झाले आहे, जागेसाठी कापावे लागेल हे समजते. कापायचे तर जहाजाचा भाग कापा, वडिलांचे वाक्य ठेवा. आणि ‘अन्यथासिद्ध’ हा शब्द जोडून छापा. रविवारच्या लेखात तो तीन ठिकाणी ‘अन्यथा सिद्ध’ असा तुटून आला आहे, त्याने अर्थच बिघडतो.

आपला,
एक जुना वाचक
अकोटा, बडोदे