सिकलसेल रुग्णांचे खुबे कोण तपासणार?

माननीय संपादक,
सप्रेम नमस्कार.

१९ जूनला जागतिक सिकलसेल दिन येतो. त्या आठवड्यात रक्तपेढ्या आणि लग्नाआधीची तपासणी यांवर वृत्तपत्रांत बरेच छापून येते, आणि ते यायलाच हवे. पण तांबड्या रक्तपेशी विळ्यासारख्या वाकड्या होणाऱ्या या आनुवंशिक आजारात ऐन तरुणपणी हाती काठी येते ती हाडांमुळे. त्याबद्दल मात्र फारसे कुणी बोलत नाही.

शाळेत सांगाडा शिकवतात तो २०६ हाडांची यादी म्हणून. आधार, संरक्षण, हालचाल ही कामे पाठ होतात आणि हाडांच्या आत रक्त तयार होते हे एका ओळीत उरकले जाते. सिकलसेलचे सगळे दुखणे त्याच ओळीत आहे. मोठ्या माणसात तांबड्या पेशी तयार होतात त्या मणके, बरगड्या, छातीचे हाड, कमरेची हाडे आणि मांडी व दंडाच्या हाडांची वरची टोके यांतल्या मज्जेत. निरोगी माणसाची तांबडी पेशी सुमारे १२० दिवस टिकते, एसएस रुग्णाची, म्हणजे आई-वडील दोघांकडून सिकलसेलचे जनुक आलेल्याची, १० ते २०. तूट भरून काढायला मज्जा वाढत जाते. पण हाड म्हणजे बंद पोकळी, वाढायला जागा नाही. आत रक्त संथ, प्राणवायू कमी. पेशी वाकड्या होऊन अडकतात त्या इथेच. वयाचे पहिले काही महिने गर्भातले हिमोग्लोबिन बाळाला सांभाळते. ते कमी झाले की अचानक हातापायांचे पंजे सुजतात. घरचे म्हणतात काहीतरी चावले. अनेक मुलांत आजाराची पहिली खूण हीच असते.

सगळ्यात मोठे नुकसान होते खुब्यात. मांडीच्या हाडाच्या वरच्या गोळ्याचा बहुतेक पृष्ठभाग गुळगुळीत कूर्चेने झाकलेला असतो, तिथून रक्तवाहिनी आत शिरू शकत नाही. रक्त येते ते मुख्यतः हाडाच्या मानेला चिकटून वर चढणाऱ्या बारीक वाहिन्यांतून. पाइपलाइनच्या शेवटच्या घरासारखी या गोळ्याची अवस्था: मागे कुठेही अडले की पहिला कोरडा पडतो तोच. रक्त न मिळाल्याने हाड असे मरते, त्याला डॉक्टर एव्हीएन म्हणतात. हाड मेले तरी लगेच ढासळत नाही. शरीर मेलेला भाग पोखरून काढायला लागते, नवे हाड भरायला मात्र वेळ लागतो. मधल्या काळात तो भाग पोकळ राहतो आणि भार तर रोजचाच. चालताना एका पायावर उभे असण्याच्या क्षणी खुब्यावर शरीराच्या वजनाच्या अडीचपट जोर येतो. ४० किलोच्या पोरावर १०० किलो! कूर्चेखालचे हाड खचते, गोळा चपटा होतो आणि मग मागे फिरता येत नाही.

घोळ होतो तो त्याआधीच्या महिन्यांत. दुखणे जांघेत असते. लहान मुले तर गुडघाच दाखवतात, कारण खुबा आणि गुडघा यांच्या संवेदना एकाच नसेतून जातात. मग गुडघ्याचा एक्स-रे निघतो, तो स्वच्छ येतो, वाढीचे दुखणे म्हणून गोळ्या दिल्या जातात. खुब्याचा एक्स-रे काढला तरी सुरुवातीला तोही स्वच्छच दिसतो. एसएस रुग्णाची जांघ दोन-तीन आठवडे दुखत असेल, तो लंगडत असेल किंवा मांडी घालून बसणे जड जात असेल, तर एमआरआय हवा, आणि तो दोन्ही खुब्यांचा. कारण दुसरी बाजू न दुखताही बिघडलेली असू शकते.

तपासणी सोपी आहे. रुग्णाला उताणे झोपवायचे, खुबा आणि गुडघा काटकोनात वाकवायचे आणि पाऊल हळूच बाहेरच्या बाजूला न्यायचे. खुबा आत वळतो तो असा. या रोगात बहुधा हीच हालचाल आधी कमी होते. दोन्ही बाजूंत फरक दिसला किंवा जांघेत कळ आली की अस्थिरोगतज्ज्ञांकडे पाठवावे. नागपुरात मेडिकल, मेयो, एम्स या तिन्ही सरकारी रुग्णालयांत हे विभाग आहेत. याला दोन मिनिटेही लागत नाहीत. मग नेहमीच्या सिकलसेल तपासणीत, दहा वर्षांपुढच्या प्रत्येक एसएस रुग्णासाठी, हे का बसू नये? एएस म्हणजे वाहक असणाऱ्यांना सहसा हा त्रास होत नाही, त्यांनी घाबरून एमआरआयच्या रांगेत उभे राहू नये.

गोळा खचण्याआधी कळले तर भार कमी करणे, व्यायाम आणि निवडक रुग्णांत हाडाला छिद्र पाडून आतला दाब उतरवणे असे पर्याय असतात. काठी घ्यायची ती दुखऱ्या बाजूच्या विरुद्ध हातात. उजवा खुबा दुखतो तर काठी डाव्या हातात. बहुतेक जण नेमके उलटे करतात आणि फायदा बराचसा वाया घालवतात. खचल्यानंतर उरतो सांधा बदलणे, आणि विशीतल्या माणसाला तो आयुष्यात पुन्हा बदलावा लागण्याची शक्यता मोठी. शिवाय ही शस्त्रक्रिया इतरांसारखी नाही. आधी रक्त देऊन हिमोग्लोबिन १० च्या आसपास आणावे लागते. फार वर नेले तर रक्त घट्ट होऊन पेशी पुन्हा अडकतात. मांडीच्या हाडाची पोकळीही जागोजागी बुजलेली असते, अवजार आत घालताना हाड फुटू शकते.

मालिशबद्दल स्पष्ट लिहितो: सिकलसेल रुग्णाचे हाड दुखते, सुजले आहे आणि अंगात ताप आहे, तर चोळू नका. हाडात जंतुसंसर्ग असू शकतो, या रुग्णांत तो अनेकदा साल्मोनेलाचा असतो. त्याच दिवशी रुग्णालय गाठावे. दुखणे थांबवणाऱ्या गोळ्या मनाने रोज खाऊ नयेत, या आजारात मूत्रपिंडे आधीच नाजूक असतात. कुणी स्टेरॉइडची पुडी देत असेल तर ती मुळीच नको. स्टेरॉइडनेही हाच गोळा मरतो.

मे महिन्याच्या उन्हात पाणी कमी पडले की वेदनेचे झटके वाढतात, आणि डिसेंबरच्या पहाटेच्या गारठ्यातही. शाळेने अशा मुलाला बाटली जवळ ठेवू द्यावी, शिक्षा म्हणून मैदानाला फेऱ्या मारायला लावू नयेत.

दिव्यांग हक्क कायदा, २०१६ मध्ये सिकलसेलचा समावेश आहे. प्रमाणपत्रासाठी जाताना खुब्याचे एक्स-रे, एमआरआयचे अहवालही सोबत न्यावेत. पुष्कळ जण फक्त रक्ताचा रिपोर्ट घेऊन जातात.

आपला,
एक अस्थिरोगतज्ज्ञ, नागपूर